खाडे

मुलीच्या बारशाला आलेल्या बायका पाळण्यावर वाकून आधी ती कुणासारखी दिसते ते ठरवायच्या आणि कंबर सरळ करता करता मला विचारायच्या, ‘मग, बाई बघितलीस का?’ बाळ बारा दिवसांचं. मला अजून धड मांडी घालून बसता येत नव्हतं. पण मोठ्या जाऊबाईंनी बजावलं, ‘आत्तापासनं बघायला लाग. स्थळ लवकर मिळतंय, बाई मिळत न्हाई.’ त्यांनी दोन नणंदांची लग्नं लावली होती आणि तीन मुलं वाढवली होती. तुलना करायचा त्यांना अधिकार होता.

हे जानेवारी 2019 चं. 2017 साली कायदा बदलला होता, बाळंतपणाची 12 आठवड्यांची रजा 26 आठवड्यांची झाली होती आणि त्या बदलाचा पुरेपूर फायदा घेऊन मी घरी बसले होते. 27व्या आठवड्यात बाळाचं काय करायचं याचीही त्या कायद्यात सोय आहे. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं. आमच्या बँकेच्या शाखेत शिपाई धरून 14 माणसं. जवळचं खाजगी पाळणाघर पाचला बंद होई आणि आमची रोकड साडेपाचच्या आत कधी जुळत नसे. सासूबाईंचे गुडघे गेलेले. माझी आई पुण्यात, बाबांच्या डायलिसिसच्या वेळापत्रकाला बांधलेली. राहता राहिली बाई.

मग मी कोल्हापूरला विचारायला सुरुवात केली. इथे माणूस शोधायचा तर तोंडाने शोधावा लागतो. कपिलतीर्थ मार्केटातल्या भाजीवालीला सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, नवऱ्याने तालमीत सांगितलं. कोल्हापुरात तालमीत सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पोचते. धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन कुणीतरी अनोळखी माणूस नवऱ्याला म्हणाला, ‘भावा, तुमालाच बाई पायजे न्हवं?’

दरम्यान एका एजन्सीचाही अनुभव घेतला. तिथे दरपत्रक होतं : आठ तास, बारा तास, चोवीस तास. नोंदणीचे पैसे परत मिळत नव्हते. त्यांनी पाठवलेली पहिली बाई तीन दिवस आली, चौथ्या दिवशी तिचा फोन बंद. दुसरीने आल्या आल्या वायफायचा पासवर्ड विचारला आणि मी तिला त्याच दिवशी नको म्हटलं. तेव्हा मला त्या प्रश्नाचा फार राग आला होता. आता वाटतं, जे बोलत नाही अशा माणसाबरोबर नऊ तास बंद फ्लॅटमध्ये काढायचे, तर तिने करायचं काय? मी स्वतः रजेच्या सहा महिन्यांत दुसरं काय केलं होतं?

शेवटी बाई मिळाली ती दूधवाल्या दादांमुळे. ते चिखलीकडच्या एका गावातून मोटारसायकलला किटल्या अडकवून राजारामपुरीत रतीब घालायला यायचे. माप ओतता ओतता म्हणाले, ‘आमच्या गल्लीत हाईत एक. पण त्या आधी घर बघणार.’

मला ते नीट कळलं नाही. मी माझ्या तयारीत होते. फोनवर प्रश्नांची यादी काढली होती : किती वर्षांचा अनुभव, आधीची घरं कुठली, का सोडली, आधारकार्डाची झेरॉक्स, आजारपण काही. त्या आल्या, चपला दाराबाहेर जुळवून ठेवल्या आणि खुर्ची पुढे केली तरी जमिनीवर बसल्या. पन्नाशीच्या, सडसडीत. मी पहिला प्रश्न विचारला, ‘अनुभव किती वर्षांचा?’

त्यांनी बोटं मोजली. ‘आठव्या वर्षापासनं धरा.’

आई लोकांच्या रानात भांगलायला जायची. धाकटा भाऊ यांच्या काखेत. बांधावरच्या झाडाला झोळी बांधायची, त्यात तो झोपला की हलवत राहायचं, उठला की पाणी पाजायचं, रडला की आईच्या सरीपर्यंत न्यायचा. चौथीत शाळा सुटली ती त्यापायीच. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्याच मातीतली ही गोष्ट, कायद्यानंतर साठेक वर्षांनी. भाऊ झाला, मग दिराची पोरं, मग स्वतःची दोन, मग नात. एजन्सीच्या अर्जात यातल्या एकाही वर्षाला जागा नव्हती.

ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या, पुढे 1957 मध्ये अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत, तर काखेत भावंड असतं म्हणून. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला विकासवाडी म्हटलं : भावंड पाळण्यात, ताई वर्गात. इतका साधा उपाय. आमच्या चिखलीकडे तो पोचला नाही, म्हणून मला अनुभवी बाई मिळाली. हे वाक्य लिहिताना बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

माझी यादी दुसऱ्या प्रश्नावरच थांबली, कारण आता त्या विचारू लागल्या.

‘पोरगी रडली तर तुमाला फोन करायचा, का न्हाई करायचा?’

‘आंघोळ तुमी घालून जाणार, का मी घालायची?’

‘सासूबाई मधनं मधनं येत्यात न्हवं? मग ऐकायचं कुणाचं?’

‘आणि माझा कप येगळा असतोय काय?’

शेवटच्या प्रश्नाला मी घाईघाईने ‘छे छे’ म्हटलं. ओट्याखाली धुण्याभांड्याच्या बाईंसाठी स्टीलचा एक पेला आणि एक ताटली उपडी घातलेली होती. कुणी ठेवली मला माहीत नाही. मी आले तेव्हापासून होती, आणि मी ती कधी उचलली नव्हती. त्या गेल्यावर तो पेला मी इतर पेल्यांत मिसळून टाकला. एखादी वस्तू लपवावी तसा.

पगार 6500 ठरला. त्यांनी 7000 म्हटलं, मी 6000, मग मधला. बँकेत माणसं कर्जाचा दर कमी करायला घासाघीस करतात तेव्हा मला कंटाळा येतो. इथे मी 500 रुपयांवर दहा मिनिटं बोलले. आधारकार्डाची झेरॉक्स त्यांनी आपणहून दिली. ज्या घरात त्या नऊ तास एकट्या असणार होत्या, त्या घरातल्या कुणाचं काही त्यांनी मागितलं नाही.

आता त्यांना म्हणायचं काय? आपल्याकडे या कामाला धड नावच नाही. ‘दाई’ म्हणावं तर ती बाळंतपणाची. ‘आया’ दवाखान्यात असते. शिवाय तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आलेला. इंग्रजांनी तो उचलला. मडमा मायदेशी निघाल्या की बोटीवर पोरं सांभाळायला इथल्या आयांना बरोबर न्यायच्या. लंडन आलं की पोरं आपल्या घरी आणि कित्येक आया रस्त्यावर, कारण परतीच्या तिकिटाचं कुणी बोललेलंच नसे. त्यांच्यासाठी तिथे ‘आयांचं घर’ चालवावं लागलं. 1900 पासून ते हॅकनी भागात होतं. 2022 साली त्या इमारतीवर मानाची निळी पाटी लागली. नाहीतर आपल्याकडची धाराऊ. 1657 साली पुरंदरावर संभाजीराजे जन्मले, सईबाई आजारी, तेव्हा कापूरहोळच्या गाड्यांच्या घरातली ही बाई दूध पाजायला आली. साडेतीनशे वर्षांनंतरही तिचं नाव, आडनाव, गाव आपल्याला ठाऊक आहे, तिची मुलं अंतोजी आणि रायाजी राजांचे दूधभाऊ म्हणून ठाऊक आहेत. आमच्या मजल्यावरच्या चार घरांत चार जणी कामाला यायच्या, त्यांतल्या एकीचंही आडनाव मला सांगता आलं नसतं.

आम्ही सगळे म्हणतात तेच म्हटलं. मावशी. फोनमध्ये नंबर ‘बाळाच्या मावशी’ असा साठवला.

मावशी 15 जुलैपासून यायला लागल्या. पहिल्या आठवड्यात मी बँकेतून दिवसाला सहा फोन करायचे. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमचा फोन वाजला की पोरगी उठती.’ दुसऱ्या आठवड्यात एक फोन. त्या मुलीला खिडकीत बसवून खालच्या रस्त्याचं धावतं वर्णन करायच्या : म्हस आली, म्हस गेली, रिक्षावाल्यानं पान थुकलं. मुलगी हरखून ऐकायची.

5 ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी मावशी चार वाजताच निघाल्या. ‘पाणी चढाय लागलंय.’ कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस तब्येत विचारायच्या आधी विचारतो, ‘किती फुटावर हाय?’ राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या चिखलीच्या प्रयागाला एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त मानायची, आणि तिथून पुढे पंचगंगा. म्हणजे पूर आला की पहिला मान त्याच गावांचा. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहराचा संपर्क तुटला, पंपिंग स्टेशनं पाण्यात गेली आणि चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहरात नळाला थेंब नाही, असे ते दिवस.

6 तारखेला मावशी आल्या नाहीत. दादांचं दूधही आलं नाही.

मी मावशींना फोन लावला. फोन तिसऱ्यांदा लागला. मी मोठ्या मनाने म्हटलं, ‘मावशी, तुम्ही सरळ इकडे या राहायला. नातीलाही घेऊन या.’ माझ्या मनात तेव्हा काय होतं ते सांगायला हवं. त्या आल्या असत्या तर मुलीचा प्रश्न सुटला असता. पलीकडून गुरांचा, माणसांचा, ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मावशी म्हणाल्या, ‘मी येतो हो ताई, पण म्हशी कुठं आणू?’ जनावरं सोनतळीला हलवायचं चाललं होतं. फोन तुटला, पुन्हा लागला नाही.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. आईकडे होतं, तिच्या आईकडेही. मागच्या बाजूच्या पाककृती कुणी करत नाही, पुढच्या चौकोनांत संसार असतो : गॅसची टाकी लावल्याची तारीख, लाइटबिल, दुधाचे खाडे, बाईचे खाडे. दूध आलं नाही की चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात फुली, बाई आली नाही की खालच्या कोपऱ्यात. मी 6 ऑगस्टच्या चौकोनात दोन्ही फुल्या मारल्या. हाताला सवय असते. 7 ला दोन. 8 ला दोन. मधला रविवार मावशींच्या सुट्टीचा, म्हणून 11 तारखेला एकच. आमची शाखा चार दिवस बंद होती, मी घरीच होते, मुलगी माझ्याच मांडीवर होती, आणि तिला मांडीवर घेऊन मी फुल्या मारत होते. 12 ला बकरी ईदची बँकेला सुट्टी. फुली. 15 ऑगस्टला झेंडावंदन, राखीपौर्णिमाही त्याच दिवशी. फुली.

मावशी 19 तारखेला, सोमवारी आल्या. घराची मागची भिंत गेली होती, धान्याची कणगी भिजली होती, म्हशी वाचल्या होत्या. हातांना चिखलाचा वास आहे का म्हणून त्यांनी तीनदा साबण लावला आणि मग मुलीला घेतलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी हिशेब केला. 6500 भागिले 26, दिवसाचे 250. खाडे 11. वजा 2750. पाकिटात 3750 घातले आणि वर आकडेमोडीची चिठ्ठीही लावली, कारण हिशेबाला मी चोख आहे. माझा ऑगस्टचा पगार महिन्याच्या अखेरीस पूर्ण जमा झाला होता.

मावशींनी पैसे मोजले. मग कालनिर्णयासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ऑगस्टचं पान उलटायचं राहिलं होतं. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, ‘ताई, ह्यातल्या दुधाच्या फुल्या कंच्या आणि माझ्या कंच्या?’

मी दाखवल्या. वरच्या दुधाच्या, खालच्या तुमच्या.

‘दादांचंबी कापलं न्हवं?’

‘हो.’

‘मग बरोबर हाय,’ म्हणाल्या, आणि मुलीला आंघोळ घालायला गेल्या.

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. माझी सख्खी मावशी ठाण्याला असते, दोन-दोन वर्षं फिरकत नाही, तिच्या नावाने भिंतीवर कधी फुली पडलेली नाही. नात्याला खाडा नसतो. खाडा असतो नोकरीला, पण मग नोकरीला रजाही असते : किरकोळ, आजारपणाची, हक्काची, आणि पूर आला तर विशेष. आम्ही या बायकांना दोन्हींतलं सोयीचं तेवढं देतो. रजा मागितली की त्या कामवाल्या होतात, पगार वाढवून मागितला की मावशी : अगं, तू घरचीच ना, मग आणि पैशाचं काय काढतेस? मावशी म्हणण्यात आपल्याला जे पाचशे-हजार रुपये सुटतात, त्यांची फुली मात्र कुठल्याच चौकोनात नसते.

ते 2750 मी परत दिले का? दिले. दिवाळीत, बोनसमध्ये मिसळून, म्हणजे माझं औदार्य दिसावं असे. त्या वेळी मला तेवढंच जमलं.

पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. सोसायटीने कामाच्या बायकांना फाटक बंद केलं, भाजीवाल्यांना नाही. ते तीन महिने मी पगार खात्यावर टाकत राहिले. त्यात शौर्य काही नव्हतं. एक नवीन पेन आणून ते कॅलेंडरपासून लांब ठेवणं, एवढंच.

मुलगी दोन वर्षांची झाली आणि बोलू लागली. एकदा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, ‘जेवलीस का गं, सोन्या?’ मुलगी म्हणाली, ‘मी जेवलो की.’ सदाशिव पेठेत शांतता पसरली. मग आईने मला खासगीत विचारलं, ‘ती स्वतःला मुलगा समजते का?’ कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो, मी केलो’ असं बोलतात, हे मला लग्नानंतर कळलं होतं आणि सवयीचंही झालं होतं. आईला ते शिकवायला एक पूर्ण रविवार गेला. तिने ‘जेवले’ हा शब्द नातीकडून दहा वेळा म्हणून घेतला. अकराव्यांदा मुलगी म्हणाली, ‘दमलो मी आता.’ आज ती शाळेत जाते, वर्गात ‘मी गेले’ म्हणते आणि तालमीच्या चौकात ‘मी गेलो’. कुठे काय म्हणायचं ते तिचं तिला कळतं.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, दोन वर्षांपूर्वीच्याहून थोडा चढच. पुन्हा शिरोलीचा रस्ता बंद, पुन्हा सोनतळी. या वेळी मी फोन करून फक्त म्हशी हलल्या का ते विचारलं. मावशी नऊ दिवसांनी आल्या, महिना संपल्यावर पाकीट उघडलं, सगळे पैसे मोजले आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, ‘औंदा फुल्या न्हाईत व्हय?’ मग हसल्या. मीही हसले, पण मला जरा उशीर झाला.

त्याच वर्षी कुणीतरी सांगितलं की घरकामगारांची सरकारदरबारी नोंद होते. महाराष्ट्रात त्यासाठी 2008 चा कायदा आहे, घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, 18 ते 60 वयाच्या बाईला त्यात नाव घालता येतं. काम देणाऱ्याने दाखला द्यायचा. मी बँकेच्या सरावाने कोऱ्या कागदावर लिहायला बसले, ‘दाखला देण्यात येतो की श्रीमती’ इथपर्यंत आले आणि थांबले. खुर्चीवरून उठून त्यांना पूर्ण नाव विचारावं लागलं. आधारकार्डाची झेरॉक्स दोन वर्षं माझ्याच कपाटात होती. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं नाव लावून सांगितलं आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, नवऱ्याचं लावलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही म्हणून. ‘कामाचे स्वरूप’ या शब्दांपुढे मी आधी ‘मुलीचा सांभाळ’ लिहिलं. अर्ज घेणाऱ्या माणसाने ते वाचून मान हलवली : घरकाम असं लिहा. खोडून घरकाम लिहिलं.

मुलगी शिशुगटात जायला लागली तेव्हा मावशींचं काम संपलं. 2022 चा जून. शाखेतल्या एका मुलीची रजा तेव्हाच संपत होती, ताराबाई पार्कात घर. तिने माझ्याकडे नंबर मागितला, मी दिला. ‘कशा आहेत?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘त्या आधी घर बघतील.’

आठवड्याने मावशी सुट्टीच्या दिवशी मुलीला भेटायला आल्या, पिशवीत कणसं घेऊन. खुर्चीवर बसल्या. नव्या घरचं सगळं सांगितलं. तिथे त्यांनी पहिल्याच बैठकीत ठरवून घेतलं होतं : पगार साडेनऊ हजार, रविवार आणि सणांचे दिवस सुट्टीचे, कप एकच, आणि पुराचे दिवस धरायचे न्हाईत.